एसीच्या खाली कपाट ठेवलं तर चालेल का?

खाली चालेल, पण कपाटाचा माथा एसीच्या तोंडाशी यायला नको. स्प्लिट एसी वरून हवा ओढतो आणि खालून पुढे फेकतो. तीच गार हवा कपाटावर आपटून परत आत गेली, की सेन्सरला खोली गार झाल्यासारखी वाटते. कॉम्प्रेसर मंदावतो आणि पलंगावरचा माणूस मात्र घामाघूम! एसीच्या वर छतापर्यंत साधारण 15 सेंमी जागा मोकळी ठेवा, समोर तर काहीच नको. शिवाय पाणी जायचा पाइप तुंबला की थेंब थेट प्लायवर पडतात आणि प्लाय फुगतं. आमच्याकडे हेच झालं, म्हणून कळकळीने सांगतेय. बाल्कनीतल्या आउटडोअर युनिटच्या पंख्यासमोरही चपलांचं रॅक किंवा वाळत घातलेल्या चादरी नकोत. गरम हवा तिथेच कोंडते आणि बिल वाढतं.