हिमयुगं माणसाशिवाय आली, मग आताची तापमानवाढ आपलीच कशावरून?

तुमचा मुद्दा असा, की हिमयुगं माणूस नसतानाही आली-गेली, शास्त्रज्ञ स्वतःच ‘अनिश्चितता’ म्हणतात, मग दोष आपल्यालाच का? शंका रास्त आहे. खोटं कशाला बोलू, मीही बरीच वर्षं तीच घेऊन बसलो होतो.

हिमयुगांची चाल ठरते पृथ्वीच्या कक्षेवरून आणि आसाच्या कलावरून, आणि ती फार संथ असते. शेवटचं हिमयुग सरताना हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे १८० वरून २८० वर गेला, त्याला काही हजार वर्षं लागली. तिथून ४२० च्या पुढे जायला आपल्याला दोन-अडीचशे वर्षं पुरली.

पण हा वाढीव वायू आपलाच, हे ओळखायचं कसं? इथला पुरावा मला सगळ्यात आवडतो. कार्बन-१४ हे कार्बनचं किरणोत्सर्गी रूप; त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं. कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या कोळशात तो औषधालाही उरत नाही. असा कोळसा जाळला की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतं. हान्स स्यूस या रसायनशास्त्रज्ञाला १९५० च्या दशकात झाडांच्या वलयांत नेमकं हेच दिसलं. (पुढे अणुचाचण्यांनी हा हिशेब गढूळ केला, ते वेगळं.) ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो, असं तुम्ही म्हणाल. कबूल. पण मग कार्बन-१३ बघा, म्हणजे कार्बनचंच आणखी एक, पण न विघटणारं रूप. वनस्पतींपासून बनलेल्या कोळशा-तेलात तो कमी असतो, ज्वालामुखीच्या वायूत तितका कमी नसतो. आणि हवेतलं त्याचं प्रमाण घटत चाललंय.

मग अनिश्चितता कशात? वायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, यात. १९७९ च्या चार्नी अहवालात, म्हणजे अमेरिकी शास्त्रज्ञांच्या एका समितीच्या अहवालात, उत्तर होतं १.५ ते ४.५ अंश. २०२१ मध्ये आयपीसीसीने (हवामानबदलाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती) ते बहुधा २.५ ते ४ असं दिलं. चाळीस वर्षं खपून एवढंच. पाणी मुरतंय ते मुख्यतः ढगांत: खालचे ढग ऊन परतवतात, उंचावरचे विरळ ढग उष्णता अडवतात, आणि तापमान वाढलं की दोन्ही बदलतात. पण खालचं टोक वर सरकलंय, हे नजरेतून सुटू देऊ नका. ‘नक्की किती ते माहीत नाही’ याचा अर्थ ‘शून्यही असेल’ असा होत नाही.

आणि पुढचं हिमयुग येऊन सगळं थंड करेल, हा तुमचा भरवसा? कक्षेच्या गणितानेच ते हजारो वर्षं लांब आहे. आज सोडलेल्या वायूतला काही हिस्सा तेव्हाही हवेत असेल.