“तो लाल रंग माझ्या पोटात कुठवर पोचला असेल?”

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पन्नाशीला आलेले गृहस्थ. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, एक पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब) सापडला आणि तिथेच काढला गेला. त्याच रात्री त्यांनी मोबाइलवर एक सिम्युलेशन, म्हणजे संगणकाने रंगवलेला नकली प्रयोग, पाहिलं. आतड्याच्या अस्तरात म्युटेशन (जनुकातला बदल) झालेली एक लाल पेशी, आणि चाळीस सेकंदांत अख्खा पडदा लाल. तेव्हापासून झोप उडालेली. दर सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपी करून घ्यायची, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

“घाबरू नका” म्हणून इथे भागत नाही. माणसाने डोळ्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं. म्हणून तोच खेळ कागदावर मांडला.

आतड्याचं अस्तर सपाट चादरीसारखं नसतं. त्यात सूक्ष्म खळगे असतात, त्यांना क्रिप्ट म्हणतात. माणसाच्या मोठ्या आतड्यात असे अंदाजे एक कोटी, आणि एकेकात साधारण 2000 पेशी. तळाशी मोजक्या मूळपेशी, ज्यांच्यापासून बाकीच्या पेशी बनतात. बाकीच्या वर सरकतात आणि काही दिवसांत झडून जातात. वर निघालेल्या पेशीत म्युटेशन झालं तर ते बहुधा तिच्यासोबतच वाहून जातं. टिकायचं तर तळाशी टिकावं लागतं, आणि तिथे जागेसाठी ओढाताण असते.

तळच्या मूळपेशी म्हणून पाच वर्तुळांचं कडं काढलं, त्यातलं एक लाल. छापा पडला तर लाल पेशी शेजारची एक जागा घेते, काटा पडला तर स्वतःची एक गमावते. शून्यावर आली की खेळ खलास. पाच झाल्या की क्रिप्ट लाल. नाणं त्यांच्याच हातात दिलं. पहिल्या डावात पहिलाच काटा. वीस डावांत क्रिप्ट तीनदाच लाल झाली. गणिताने पाचात एक, म्हणजे विसात चार.

“पण म्युटेशनमुळे त्या पेशीला जोर असेल ना?” शंका रास्त होती. मग दोन नाणी घेतली: दोन्ही काटे पडले तरच माघार, एरवी पुढे. इतका जोर देऊनही पूर्ण क्रिप्ट काबीज होण्याची शक्यता सुमारे 67 टक्केच येते. सुरुवातीला लाल पेशी एकटी असते, त्यामुळे एकाच वाईट फेकीत ती संपू शकते. उंदरांवरच्या 2013 च्या अभ्यासातही हेच दिसलं: केआरएएस आणि एपीसी जनुकांतल्या बदलांनी मूळपेशीला फायदा होतो, तरी अनेकदा साध्या पेशीच तिला हुसकावतात. पी53 या जनुकाच्या बदलाचा फायदा तर आतड्याला सूज असतानाच दिसला. म्हणून आतड्याचा जुनाट दाह आहे का, हे इथे विचारावंच लागतं. त्यांना नव्हता.

क्रिप्ट लाल झाली तरी मध्ये भिंत असते. पुढे पसरायचं तर अख्ख्या क्रिप्टने दुभंगून दोन व्हावं लागतं. निरोगी प्रौढ माणसात एका क्रिप्टच्या वाट्याला हे कित्येक वर्षांत एखादवेळी येतं. काही म्युटेशन हा वेग वाढवतात, पण चाळीस सेकंदांत नव्हे.

मग ते सिम्युलेशन पुन्हा लावून खालचा बारीक मजकूर त्यांनाच वाचायला सांगितला. क्रिप्टच्या भिंती वगळलेल्या. सिम्युलेशन हजार वेळा चालवलेलं, त्या हजार रनपैकी लाल पेशी जगली तो एकच रन दाखवलेला. मेलेले रन बघायला कंटाळवाणे, ते कोण दाखवणार? घड्याळही उंदराच्या पेशींचं.

इथवर येऊन ते सैलावले, पण थांबून चालणार नव्हतं. पॉलिप म्हणजे डाव जिंकून पुढे गेलेल्या पेशी. नाण्यांचा खेळ त्यांच्या बाबतीत मागे पडला होता, आणि पुढची तारीख कुठलंही मॉडेल सांगत नाही. ती ठरते पॉलिपच्या संख्येवर, आकारावर आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या निदानावर. एखाद-दोन, 10 मिलिमीटरपेक्षा लहान आणि पेशींत सौम्य बदल असलेले अॅडिनोमा (पुढे कर्करोगाकडे झुकू शकणारा पॉलिपचा प्रकार) असतील तर पुढची तपासणी सहसा काही वर्षांनी असते. आकार त्याहून मोठा किंवा बदल तीव्र असतील तर अंतर कमी होतं. जवळच्या नात्यात कमी वयात आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर हिशोब वेगळा. आनुवंशिक एपीसी दोषात शरीरातली प्रत्येक पेशी जन्मतःच अर्धी वाट चाललेली असते. त्यांच्या घरात तसं कोणी नव्हतं.

त्यांचा रिपोर्ट: एकच पॉलिप, 6 मिलिमीटर, ट्युब्युलर (नळीसारख्या रचनेचा) अॅडिनोमा, पेशींतले बदल सौम्य. फक्त तपासणीच्या वेळी आतडं कितपत स्वच्छ होतं, ती ओळ कोरी होती. स्वच्छता अपुरी असेल तर लहान पॉलिप नजरेतून सुटू शकतात आणि तपासणी लवकर करावी लागते. सहा महिन्यांचा हट्ट बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारायचा तेवढा एकच प्रश्न त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात, लाल वर्तुळाशेजारी, लिहून घेतला.