कादंबरीची नायिका बरी होते, मग मी का नाही?

दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या ख्रिस्ती वाचकांकडून एक प्रश्न मी मडगावच्या माझ्या समुपदेशन कक्षात पुन्हा पुन्हा ऐकत आले आहे: कथेतली नायिका प्रार्थना करते आणि बरी होते, प्रार्थना मीही करते, मग माझी श्रद्धाच कमी पडते का? असे विचारणाऱ्याला ही पुस्तके सोडायची नसतात, कारण जागरणाच्या रात्री तीच सोबत करतात. पण पुस्तक मिटल्यावर उरणारा अपराधभाव त्याला वेदनेहून जड होतो.

रूथताई (नाव बदलले आहे) मूळच्या अहिल्यानगरच्या, लग्नानंतर वास्कोत आलेल्या. पडल्यामुळे झालेली खांद्याची दुखापत भरून आली होती, पण मानेतली आणि खांद्यातली वेदना गेली नव्हती. चर्चच्या मंडळीतल्या भगिनी प्रेमाने अशा कादंबऱ्या आणून देत आणि त्या ती वाचून रडत.

"मॅडम, शेवटच्या प्रकरणात सगळ्यांचे दुखणे थांबते. माझेच का थांबत नाही?"

"ताई, यातले कोणते पान तुम्ही पुन्हा उघडता?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मधले. नायिकेला कपडे पिळता येत नाहीत आणि सासूला तसे सांगायची लाज वाटते, ते."

"आणि शेवटचे?"

"ते एकदाच वाचले."

या उत्तराने माझ्यापुरता पुढचा मार्ग स्पष्ट झाला. वाचक ज्या पानाकडे परत जातो, तिथे त्याची खरी गरज असते, असे माझे ठाम मत आहे. रूथताईंना चमत्काराच्या वर्णनापेक्षा आपले दुखणे जाणणारे कुणीतरी हवे होते, आणि ते त्यांना त्या मधल्या पानावर भेटत होते.

पुढच्या भेटीला त्या बायबल घेऊन आल्या. "प्रेषित पौलाने देहातला काटा जावा म्हणून तीन वेळा विनंती केली, पण काटा गेला नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, बाराव्या अध्यायात आहे हे. मग पौलाची श्रद्धा कमी होती का?" हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता आणि डोळे कोरडे होते. हा दाखला मला ठाऊक होता, तरी मी तो मुद्दाम दिला नव्हता. मी दिला असता तर ती एका समुपदेशकाची समजूत ठरली असती, त्यांनी शोधला म्हणून तो त्यांचा झाला. त्या क्षणाचा मला आजही अभिमान वाटतो. नंतर बायबलमधले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्रही त्यांनीच दाखवले, जे अंधारातच संपते आणि तरीही प्रार्थनाच राहते.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन म्हणते. दुखापत भरल्यानंतरही मज्जासंस्था अतिसावध राहू शकते. त्यामुळे अशी वेदना खरीच असते, मात्र तिच्यावरून कुणाच्या श्रद्धेचे माप काढता येत नाही. कादंबरीला शेवट द्यावाच लागतो. वाचकाने स्वतःच्या आयुष्याकडून तसाच शेवट मागू नये, एवढेच मी सुचवते.

वाचनाची रीतही महत्त्वाची आहे. बऱ्या दिवशी अख्खी कादंबरी एका बैठकीत संपवायची आणि मग दोन दिवस अंथरूण धरायचे, हा फेरा मी अनेकांच्या बाबतीत पाहते. म्हणून वेदना वाढण्याआधीच थांबायचे ठरवून वाचावे. जाड पुस्तक हातात न धरता डोळ्यांच्या पातळीवर स्टँडवर ठेवावे किंवा ऐकावे. 1616 साली गोव्यातल्या राशोल येथे छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओवीतले आहे; घरातल्या कुणी रोज थोड्या ओव्या मोठ्याने म्हटल्या तर मानेला ताण पडत नाही आणि माणूस जवळ बसतो. रूथताईंचे यजमान आता तसे वाचतात.

पुस्तक भेट देणाऱ्यांनी 'हे वाच, बरी होशील' असे म्हणू नये. प्रार्थनेने बरे झाल्याची कुणाची साक्ष वाचून औषध बंद करू नये. नवी वेदना, बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवल्यास डॉक्टरांना दाखवावे. आणि अपराधभाव इतका वाढला की जगणे नकोसे वाटू लागले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता टेली-मानस या राष्ट्रीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर लगेच बोलावे.