गुडघा राखून ठेवणाऱ्या बाई

"नवा बसवायचाच आहे, तर जुन्याला कशाला छळायचं? तोवर राखून ठेवते झालं."

पहिल्या भेटीत बाई हे इतक्या सरळपणे म्हणाल्या की क्षणभर मलाही पटलं. वय 67, निवृत्त शिक्षिका. (त्यांना विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा जास्त. सांधा बदलायचा हे नक्की होतं, तारीख मात्र मिळत नव्हती. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, 9.1 होती. ती 8 च्या खाली आल्याशिवाय सर्जन तयार नव्हते, कारण साखर चढलेली असताना ऑपरेशन केलं तर जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. हा आकडा रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून काढतात, आणि त्या पेशींचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं असतं, त्यामुळे तो आज ठरवून उद्या खाली येत नाही. चार-पाच महिने थांबणं आलंच.

त्यांना माझ्याकडे फिजिओने पाठवलं होतं. चिठ्ठीवर एवढंच: "व्यायाम करत नाहीत. का, ते कळत नाही."

सोबत यजमान होते. मी बाईंना विचारलं, दिवसभरात किती चालता? उत्तर यजमानांनी दिलं, तेही थोड्या अभिमानाने. "मी चालूच देत नाही हिला." पाण्याची बाटली, औषधं, फोन, रिमोट, पुस्तकं, सगळं पलंगावरून हात पोहोचेल अशा अंतरावर मांडून ठेवलेलं. गुडघ्याखाली मऊ उशी. उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं. बाई मध्येच म्हणाल्या, "घरातलं फर्निचर झालेय मी. फक्त पुसायचं बाकी आहे." दोघंही हसले. मी ते वाक्य वहीत टिपून ठेवलं.

सांधा बदलण्याची वाट पाहणारी बरीच माणसं माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचा हिशेब हाच असतो: झिजलेली वस्तू वापरली की आणखी झिजणार, म्हणून वापर कमी करा. चपलेच्या बाबतीत हे बरोबर आहे. सांधा मात्र चपलेसारखा नसतो. हाडांच्या टोकांवरच्या गादीला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव तिच्यात मुरतो तो सांधा हलला, दबला, सुटला की. झिजून गेलेली गादी व्यायामाने परत येत नाही, हेही तितकंच खरं. पण माझा मुद्दा गादीचा नव्हताच. मी बाईंना विचारलं, "सर्जन नेमकं काय बदलणार आहेत?"

"गुडघा."

"आणि मांडी?"

बाई गप्प झाल्या. मांडीचा पुढचा स्नायू गुडघा सरळ करतो आणि उभं राहताना तो धरून ठेवतो. गुडघा दुखतो, त्यात सूज येते, तेव्हा मज्जातंतू या स्नायूला आपोआप आवर घालतात. तो मनासारखा आवळला जात नाही आणि बारीक होत जातो. त्यावर आपण पलंग धरला की विचारायलाच नको. अगदी निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तरी पायांतलं स्नायूंचं वजन जवळपास एक किलोने कमी झाल्याचं मोजलं गेलं आहे. ऑपरेशनमध्ये हाडांचे पृष्ठभाग नवे मिळतात. त्यांच्यावर उभं राहायचं ते जुन्याच मांडीच्या जोरावर. ऑपरेशनआधी ती जितकी कमजोर, तितकं नंतर जिना आणि खुर्ची गाठायला जड जातं.

बाईंना हे लगेच समजलं. आणि तरीही पुढच्या भेटीला त्या काहीही न करता आल्या. समजणं आणि करणं यांच्यामध्ये बहुतेक वेळा भीती बसलेली असते, आणि माझं काम तिथे सुरू होतं. फिजिओने दिलेला 12 व्यायामांचा चित्रांचा कागद त्यांच्या फायलीत नीट घडी घालून ठेवलेला होता.

"एकदा केला होता," त्या म्हणाल्या. "कळ आली. सोडून दिला."

"कळ किती वेळ राहिली?"

"संध्याकाळपर्यंत."

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी?"

त्यांनी बराच विचार केला. "सकाळी नेहमीसारखंच होतं."

सगळी गोष्ट या एका उत्तरात होती. दुखलं म्हणजे आत काहीतरी मोडलं, असं आपण धरून चालतो. झिजलेल्या सांध्यात दुखणं आणि इजा यांचं नातं इतकं सरळ नसतं. एक्स-रे भयंकर दिसणारे काही जण आरामात चालतात, तर किरकोळ झीज असलेले काही जण रात्रभर तळमळतात. फिजिओ जो नियम वापरतात तो मी बाईंना त्यांच्या अक्षरात लिहून घ्यायला लावला: शून्य ते दहामध्ये पाचपर्यंतचं दुखणं व्यायामात चालेल, पण पुढच्या 24 तासांत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं, किंवा सूज वाढली, तर दुसऱ्या दिवशी मात्रा निम्मी करायची. बंद करायचं नाही. शिक्षिका असल्यामुळे असेल, पण नियम लेखी झाल्यावर त्यांचा चेहरा बदलला. वर्षभर त्या दुखण्याच्या धाकात होत्या, आता दुखण्याला मार्क द्यायचे होते.

काही दुखणी मात्र या नियमात बसत नाहीत, आणि तेही त्याच पानावर लिहिलं. सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप येणं, पोटरी सुजून दुखणं, पायावर भारच न देता येणं, छातीत दुखणं किंवा धाप लागणं. यात मार्क द्यायचे नाहीत, डॉक्टर गाठायचे. साखरेची औषधं चालू असणाऱ्यांनी व्यायाम वाढवताना डॉक्टरांना सांगायला हवं, साखर एकदम उतरू शकते. हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारून मगच.

मग आम्ही फिजिओबरोबर बसलो आणि 12 व्यायामांचे दोन केले. (कागदावर जितकी चित्रं जास्त, तितका तो कागद फायलीत लवकर जातो, असा माझा अनुभव आहे.) पहिला, पलंगावर पाय पसरून मांडी आवळायची, गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची, पाच आकडे मोजून सोडायची. मोजायचं मोठ्याने, म्हणजे श्वास रोखला जात नाही. दुसरा, खुर्चीतून उठून बसणं. नेहमीच्या खुर्चीतून त्यांना उठता येत नव्हतं, म्हणून बैठकीवर दोन जाड उशा ठेवून उंची वाढवली आणि खुर्चीची पाठ भिंतीला टेकवली, म्हणजे खुर्ची सरकणार नाही. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी पाच. एवढंच.

गुडघ्याखालची उशी फिजिओने काढून टाकली. तिने बरं वाटतं हे खरंच, पण गुडघा तासन् तास वाकलेला राहिला की पूर्ण सरळ होणं हळूहळू विसरतो, आणि ऑपरेशननंतर तो सरळ करून घेणं हीच मोठी लढाई होऊन बसते. बाईंना व्यायामाचं काही वाटलं नाही. उशीवरून मात्र त्या माझ्यावर दोन आठवडे रागावलेल्या होत्या.

तिसऱ्या आठवड्यात दम वाढवायला घेतलं. चालता येत नाही म्हणजे हृदय-फुफ्फुसांना सुट्टी, असं नसतं. खुर्चीत बसून पाय आळीपाळीने उचलायचे, हात खांद्यावर नेऊन खाली आणायचे, असं पाच मिनिटं. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत जोर. आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला होता. पण तीच संघटना 2020 पासून हेही सांगते आहे की सलग दहा मिनिटं झालीच पाहिजेत अशी अट नाही, थोडं केलेलंही मोजलं जातं. शिवाय हलणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणजे तारीख जवळ आणण्याचा रस्ताही याच खुर्चीतून जात होता. हातांसाठी, खुर्चीच्या हातांवर तळवे दाबून अंग जरासं उचलायचं. ऑपरेशननंतर वॉकरवर भार द्यायला हेच दंड लागतात. पाण्यातल्या व्यायामाचंही मी सुचवलं होतं. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचा भार साधारण निम्मा होतो आणि पोहता येण्याची गरज नसते. बाईंनी साफ नकार दिला. प्रत्येक चांगली गोष्ट प्रत्येकाला जमलीच पाहिजे असं नाही.

वजनाचा विषय त्यांनीच काढला. "सगळे सांगतात वजन कमी करा. न चालता कसं करू, ते कुणी सांगत नाही." त्यांचा वैताग रास्त होता. एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो, हे खरं. पण खुर्चीतल्या व्यायामाने वजन फारसं हलत नाही, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते काम आहारतज्ज्ञांचं. ऑपरेशनच्या तोंडावर उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात.

पाचव्या आठवड्यात फोन आला. "तुझं ऐकलं, आणि बघ काय झालं." 'तुम्ही'वरून त्या 'तू'वर आल्या होत्या, ते रागाने की आपलेपणाने हे तेव्हा कळलं नाही. त्या दिवशी सकाळी गुडघा हलका वाटला म्हणून जुन्या विद्यार्थ्यांच्या भेटीला गेल्या आणि दोन तास उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म. तीन दिवस पलंग, आणि उशीही परत आली.

यात चूक माझी होती. वाईट दिवशी काय करायचं ते मी सांगितलं होतं. चांगल्या दिवशी काय करायचं नाही, ते सांगितलंच नव्हतं. अशा दुखण्यात माणसाला चांगला दिवसच दगा देतो. बरं वाटलं की साठलेली सगळी कामं उरकायची, मग पडून राहायचं, मग पुन्हा तेच. प्रत्येक फेरीत पडून राहण्याचे दिवस वाढतात. आम्ही तक्त्यात दोन रेघा मारल्या: वाईट दिवशी निदान इतकं, आणि कितीही छान वाटलं तरी इतकंच. उभं राहण्याची वरची रेघ 15 मिनिटांवर, मग बसायचं. दर आठवड्याला ती दोन-तीन मिनिटांनी वर सरकवायची. बाईंना खालची रेघ सोपी गेली. वरची पाळताना त्या मुलासारख्या कुरकुरायच्या.

यजमानांशी मी एकदा वेगळं बोलले. वर्षापूर्वी बाई बाथरूममध्ये पडल्या होत्या. त्या रात्रीपासून यजमानांना नीट झोप नव्हती. पाण्याची बाटली पलंगापर्यंत आणून देणं हा त्यांच्या भीतीचाच एक प्रकार होता. "काका, मदत बंद करू नका," मी म्हटलं, "फक्त आणून देण्याआधी 'देऊ का?' एवढं विचारा." आणि खुर्चीच्या व्यायामाला शेजारी उभं राहून मोजायचं काम त्यांना दिलं. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले, तेव्हा कुठे ते झोपले.

काठीवरून वेगळंच नाट्य झालं. काठी म्हणजे म्हातारपण, म्हणून बाई ती घ्यायच्याच नाहीत. घेतली तेव्हा उजव्या गुडघ्यासाठी उजव्या हातात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, म्हणजे भार वाटला जातो. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. हे कळल्यावर काठी त्यांनी म्हातारपणाच्या खात्यातून काढून तंत्राच्या खात्यात टाकली.

साडेचार महिन्यांनी एचबीएवनसी 7.6 आलं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा हात न टेकता त्यांना खुर्चीतून एकदाही उठता आलं नव्हतं. आता 30 सेकंदांत नऊ वेळा उठल्या. या वयाची स्त्री 11 पेक्षा कमी वेळा उठली तर सरासरीखाली धरतात, म्हणजे अजूनही कमीच. एक्स-रे तसाच, रात्रीची कळही बरीचशी तशीच. "मग ऑपरेशन करू की नको?" त्यांनी विचारलं. ते मी ठरवायचं नव्हतं. सर्जनशी बोलून त्यांनी करायचं ठरवलं.

ऑपरेशननंतर सात आठवड्यांनी त्या आल्या, काठी डाव्या हातात. उजवा गुडघा अजून गरम होता, पूर्ण वाकत नव्हता, आणि पहिले दोन आठवडे फार वाईट गेल्याचं त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. मग पर्समधून आखलेला कागद काढून टेबलावर ठेवला. वर लिहिलं होतं 'डावा'. तारखेचा रकाना कोरा होता, दोन्ही रेघा मारलेल्या होत्या.