जग जिंकायला निघालेले दोन उंदीर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. मामाने त्याला पिंकी अँड द ब्रेनचे इंग्रजी कॉमिक्स आणून दिले, तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाही त्याला. उंदीर रोज जगावर राज्य करायचे कट करतात, लोकांना फसवतात, आणि आता हा पण एका कॉपीत प्लॅन लिहितो. एक मी वाचला, छप्पन दुकानच्या सगळ्या पोह्यांत एक पावडर मिसळायची म्हणजे पूर्ण इंदूर त्याचं ऐकेल, आणि खाली लिहिलंय 'पण पपा तर पोहे खातच नाहीत, मग?' हे वाचणं बंद करू का?
— एक आई, लोकमान्य नगर

उत्तर : ताई, अजिबात बंद नका करू, आणि ती कॉपी रद्दीत जाऊ देऊ नका. 'पपा पोहे खातच नाहीत' हे त्याला स्वतःला सुचलं ना, बस, हे कॉमिक तेच तर शिकवतं. ब्रेन म्हणजे प्लॅन करणारा उंदीर आणि पिंकी त्याचा साथीदार. ब्रेनचा प्रत्येक प्लॅन भारी असतो, मशीन असतं, हिशोब असतो, आणि कुठेतरी एक बारीकशी गोष्ट राहून जाते. तुमच्या पोराने ती गोष्ट आधीच पकडली, ब्रेनला ती मशीन फुटल्यावर कळते.

१९९३ मध्ये टीव्हीवर आलेली त्यांची एक गोष्ट सांगते. ब्रेनला मशीनसाठी ९९,००० डॉलर हवे असतात म्हणून तो टीव्हीवरच्या क्विझमध्ये जातो, धडाधड उत्तरं देतो आणि शेवटच्या प्रश्नावर सगळे पैसे लावतो, आणि प्रश्न निघतो एका जुन्या मालिकेतल्या डायलॉगचा, जो पिंकीने आधीच बडबडलेला असतो पण ब्रेनने त्याचं कधी ऐकून घेतलेलंच नसतं. गेले सगळे पैसे. आता मुलाच्या डोक्यात यातून 'लोकांना फसव' जातं की 'शेजारी बसलेल्याचं ऐक' जातं? मला तरी दुसरंच वाटतं.

आणि त्यांचा १९९५ चा ख्रिसमस स्पेशल त्याच्यासोबत बसून नक्की बघा. त्यात ब्रेनने अशी बाहुली घराघरात पोचवलेली असते की तिच्यातून तो जगाला हुकूम देऊ शकतो, जग अगदी हातात आलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच तो पिंकीने सांताला लिहिलेलं पत्र वाचतो. पिंकीने स्वतःसाठी काहीच मागितलेलं नसतं, माझ्या मित्राला जग दे एवढंच लिहिलेलं असतं. ब्रेन रडायला लागतो, हुकूम देतो तो फक्त सगळ्यांनी ख्रिसमस आनंदात साजरा करा असा, आणि मशीन स्वतःच्या हाताने फोडून टाकतो. १९९६ मध्ये याला एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं अवॉर्ड, मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं. ज्या गोष्टीत असा प्रसंग आहे तिच्यामुळे मूल बिघडेल ही भीती मनातून काढून टाका. रोज रात्री एक प्लॅन त्याला तुम्हाला वाचून दाखवायला सांगा आणि तुम्ही त्यातली चूक शोधा, बघा किती मन लावून लिहितो ते.

प्रश्न : कार्टून लहानपणी पाहिलंय, आता कॉमिक्स जमवायचेत. एकूण अंक किती? आणि कार्टून पाहिलेल्याला त्यात नवीन काय मिळणार?
— कॉलेजचा विद्यार्थी, सुदामा नगर

उत्तर : मित्रा, आधी हिशोब. डीसी कॉमिक्सने पिंकी अँड द ब्रेनची स्वतंत्र मालिका १९९६ ते १९९८ काढली, २७ अंक. पण तेवढ्यावर थांबू नकोस, कारण हे दोघं मुळात अ‍ॅनिमेनियाक्स नावाच्या कार्टून मालिकेतले, आणि त्या नावाचं कॉमिक १९९५ पासून २००० पर्यंत ५९ अंक चाललं. स्वतःची मालिका बंद झाल्यावर उंदरांचा मुक्काम तिथेच हलला, म्हणून त्या मालिकेचे शेवटचे अंक पण शोधावे लागतील.

नवीन काय म्हणशील तर पहिली गोष्ट, आवाज नाही. ब्रेनचा तो जुन्या हॉलिवूडमधल्या ऑर्सन वेल्स या नटासारखा भारदस्त आवाज मॉरिस लामार्शचा, पिंकीचा रॉब पॉलसनचा, आणि कार्टूनची अर्धी मजा त्यातच होती हे मला मान्य आहे. पण कागदावर वेळ तुझ्या हातात असतो. प्लॅनचा नकाशा पडद्यावर दोन सेकंद दिसतो आणि जातो, कॉमिकमध्ये त्याच चौकटीवर पाहिजे तितका वेळ थांबता येतं, कुठली तार कुठे जोडलीय, बाण कुठे जातोय, मागच्या पाटीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय. आणि उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत ब्रेनचा हात स्विचवर असला की पान उलटेपर्यंत आपलाच श्वास अडकतो, मला तर हे कार्टूनपेक्षा जास्त आवडतं.

खजूरी बाजारात जुन्या पुस्तकवाल्यांकडे विचारून ठेव. घेताना मधल्या स्टेपल पिना बघ, पावसाळ्यात त्या गंजतात आणि पान तिथूनच सुटतं. सुटलं तरी सेलोटेप लावू नको, काही वर्षांनी पिवळी पडून कागदच खराब करते.

प्रश्न : आमच्या वेळी गोष्टीतले उंदीर सज्जन असायचे. राज्य करायची हाव या प्राण्याला कधीपासून लागली? आणि उंदीरच का?
— एक आजोबा, रामबाग

उत्तर : आजोबा, उंदीरच का तर हे दोघं प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर आहेत, माणूस पिंजऱ्यात ठेवून ज्याच्यावर प्रयोग करतो त्याच प्राण्याने माणसावर राज्य करायचं ठरवलंय, आणि पिंजऱ्यातून निघून पहाटे परत तिथेच. रोज रात्रीच प्लॅन करतात हे पण बरोबरच, उंदीर निशाचर.

आणि हाव म्हणाल तर पंचतंत्रातला हिरण्यक उंदीर आठवा. कबुतरांचं जाळं कुरतडणारा म्हणून आपल्याला तो सज्जन वाटतो, पण त्याची आधीची गोष्ट काय आहे? बिळाखाली धन पुरलेलं, त्या धनाच्या जोरावर तो उंच खुंटीवर टांगलेल्या भिक्षापात्रापर्यंत उडी मारायचा, बाकीचे उंदीर त्याच्या मागे. संन्याशाने बीळ खणून धन काढून नेलं, उडी संपली आणि सोबतचे पण सोडून गेले. ब्रेनकडून मशीन गेलं तरी पिंकी जात नाही, एवढा फरक मात्र आहे. नातवंडांना या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत सांगा, आणि आधी हिरण्यकाची सांगा.