टी-सेल रिसेप्टरची जनुकं: आधी नकाशा काढ
खारघरच्या लॅबमध्ये नव्यानं रुजू झाली आहेस, तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर नकाशा काढ. टी-पेशी ज्यानं बाहेरचं ओळखते त्या रिसेप्टरच्या जनुकांचे चार गट: अल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा. बीटा आणि गॅमा ७व्या गुणसूत्रावर, पण वेगवेगळ्या भुजांवर. अल्फा १४व्यावर, आणि खरी गंमत इथेच: डेल्टाचा बहुतेक भाग अल्फाच्या व्ही आणि जे खंडांच्या (व्ही, डी, जे, सी ही जनुकाच्या तुकड्यांची नावं) मधे बसलेला आहे. म्हणून अल्फाची जुळणी (मधला डीएनए कापून खंड एकमेकांना जोडणं) झाली की त्या गुणसूत्रावरचा डेल्टा कापला जातो. एवढं पक्कं कर, पुढचं बरंच सोपं होतं. बीटात डी-जे-सीचे दोन संच. टीआरबीव्ही३० हा बीटाचा व्ही खंड मात्र त्यांच्याही पलीकडे, उलट्या दिशेनं. गॅमाची जुळणी अल्फा-बीटा रिसेप्टर असलेल्या टी-पेशींतही सापडते, तेव्हा केवळ तिच्यावरून पेशी गॅमा-डेल्टा आहे असं रिपोर्टात कधीही लिहू नकोस. जनुकांची नावं आयएमजीटी या आंतरराष्ट्रीय माहितीकोशाच्या पद्धतीनंच लिही.