हेल्पलाइनवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

फोनवरून लोकांना आरोग्याची माहिती देताना सगळं पाठ असायला हवं, असं तुला वाटतंय. तसं काही नाही. प्रश्न स्क्रीनवर येतात, तू फक्त क्रम सोडू नकोस. सुरुवातीला एवढं सांभाळ:

- आधी परतीचा नंबर आणि गाव. काणकोण, सत्तरीच्या डोंगराळ भागात रेंज मध्येच जाते. नुसतं 'देऊळवाडा' लिहू नकोस, त्या नावाचे वाडे गोव्यात किती म्हणून सांगू! तालुका, जवळची खूण विचार.
- शक्य असेल तर फोन रुग्णाच्याच हातात द्यायला सांग. नातेवाईक घाबरून वाढवून सांगतात, नाहीतर लपवतात. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर पुढचे प्रश्न राहू देत, कॉल थेट 108 ला जोड.
- तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतंय? हा पक्षाघात (स्ट्रोक) असू शकतो, तेव्हाही 108च. 'शेवटचं ठीक कधी पाहिलं?' हे मात्र विचारून लिही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून ही वेळ डॉक्टरांना लागतेच.

नवे लोक हमखास चुकतात ते निदान सांगण्यात. 'ॲसिडिटीच असेल' हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही. 'ती पांढरी गोळी' म्हणाले तर पाकिटावरचं नाव वाचून घे.

मन खचलेल्यांसाठी टेली-मानस आहे, 14416. तो नंबर समोर चिकटवून ठेव. बाकी सॉफ्टवेअरची खुसपटं महिन्याभराने बघू.